रडण्याची तासिका

पुस्तकावर सुरी चालवण्याआधी भूगोलाच्या बाईंनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि पुस्तकाला मनोभावे नमस्कार केला. माणूस पाप करायला निघाला की त्याच्या हातून असे लहानसहान सदाचार फार घडतात.

शिक्षकांच्या खोलीत टेबलाभोवती आठ जणं श्वास रोखून उभी होती. गणिताच्या सरांनी पट्टी धरली होती. "बाई, डगमगू नका," ते म्हणाले, "दोनशे सोळा भागिले नऊ, बरोब्बर चोवीस. बाकी शून्य. हा देवाचाच कौल समजा."

देवाला या भानगडीत ओढायची काही गरज नव्हती. भानगड शिक्षण खात्याची होती. डोंगरावरची शाळा बंद पडली आणि तिथल्या आदिवासी वस्त्यांमधली चौदा मुलं खाली या शाळेत आली. लगोलग परिपत्रक आलं की शिक्षकांनी वाचनमंडळ स्थापन करून आदिवासी संस्कृती समजून घ्यावी व एक महिन्याच्या आत सोबतच्या नमुन्यात अहवाल सादर करावा. 'समजून घ्यावी' आणि 'एक महिन्याच्या आत' हे शब्द एका दमात लिहिणारा माणूस खात्यात फार वर पोचलेला असतो. परिपत्रकासोबत वाचायचं पुस्तकही आलं. डोंगरातल्या एका आजींनी सांगितलेली एकच लांबलचक गोष्ट, त्यांच्या नातीने लिहून काढलेली. नात आरोग्य केंद्रात परिचारिका होती. पुस्तक देखणं होतं. अडचण एवढीच की शिक्षक नऊ आणि प्रत एक.

दुसरी प्रत मागावी, तर 'प्रति शाळा एक' असा नियम. झेरॉक्स काढावी, तर पहिल्याच पानावर छापलेलं की या पुस्तकाच्या कोणत्याही भागाची नक्कल करू नये. आणि भूगोलाच्या बाई म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नसताना पांढऱ्या पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडणाऱ्या. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शाळेचा खडूसुद्धा घरी नेला नव्हता. म्हणूनच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना मंडळाच्या संयोजक नेमलं होतं. बाईंनी ते पहिलं पान तीनदा वाचलं. नक्कल करू नये असं होतं. कापू नये असं कुठेच नव्हतं.

सुरी चालली. चोवीस-चोवीस पानांचे नऊ तुकडे झाले, उत्तरपत्रिकांना बांधतात तसा प्रत्येकाला दोरा बांधला गेला आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. गणिताने पाहिलं तर काम चोख होतं. गोष्टीच्या अंगाने पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक तुकडा वाक्याच्या मध्येच सुरू होत होता आणि वाक्याच्या मध्येच संपत होता. बाईंच्या वाट्याला चौथा तुकडा आला. तो सुरू होत होता, "म्हणून ती नदीकाठी बसून रडू लागली" इथून. 'म्हणून'च्या आधीचं सगळं तिसऱ्या तुकड्यात, आणि तिसरा तुकडा खेळाच्या सरांकडे.

खेळाचे सर मनाने लोणी. पण छापील मजकूर दिसला की त्यांना जांभई येई. स्पर्धांचे नियमसुद्धा ते कुणाकडून तरी ऐकून घेत. त्यांनी तुकडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि त्याच दुपारी डगमगणाऱ्या टेबलटेनिसच्या टेबलाच्या पायाखाली सारला. चोवीस पानांनी टेबल अगदी पातळीत आलं. पुस्तकाने आयुष्यात समतोल येतो म्हणतात, तो असाही येतो.

बाईंनी मात्र आपला भाग अभ्यासाला घ्यावा तसा घेतला. गोष्टीतली बहीण भावासाठी बियाणं शोधायला निघालेली दिसत होती, पण बाईंच्या चोवीस पानांत ती फक्त रडत होती. मडकं फुटलं म्हणून रडत होती. बकरीने पायावर पाय दिला म्हणून रडत होती. भावजयीने "तुझी वेणी उंदराच्या शेपटीसारखी" म्हटलं म्हणून तर पानभर रडत होती. बाईंनी वहीत तक्ता आखला: अनुक्रमांक, रडण्याचे कारण, शेरा. एकतीस कारणं निघाली. एकतिसाव्यापाशी बाईंचे स्वतःचे डोळे भरून आले. केवढा सोसणारा समाज, त्या मनाशी म्हणाल्या.

महिनाअखेरीस मंडळ बसलं.

"व्यवहाराला पक्के लोक," गणिताच्या सरांनी तोंड उघडलं. त्यांच्या तुकड्यात बहीण कावळ्याशी घासाघीस करत होती. "चौदा पानं सौदा चालतो. मी पेन्सिलने ताळा करून पाहिला, एक दाणा इकडचा तिकडे नाही."

"व्यवहार कसला? माझ्याकडे ती चोवीस पानं झाडावरून उतरतच नाही," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "निसर्गाशी एकरूप समाज आहे. लिहा."

"माझ्याकडे सगळे जेवताहेत," भाषेचे सर म्हणाले. "आतिथ्यशील लिहा."

"सर, तुमचं?" बाईंनी खेळाच्या सरांना विचारलं.

खेळाच्या सरांनी छताकडे पाहिलं. "खिलाडू वृत्ती," ते म्हणाले. "ठायी ठायी."

नऊ जणांनी मिळून एका समाजाचे नऊ समाज केले आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. कुणाचा खरा, यावर मात्र अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं. अखेर संयोजक या नात्याने बाईंनी निर्णय दिला, आणि अहंकार हा असा पाहुणा आहे की निर्णय द्यायची वेळ आली की तो न बोलावता येऊन शेजारी बसतो. आपल्याइतका अभ्यास कुणी केला आहे? तक्ता कुणाकडे आहे? बाईंनी निष्कर्षाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: "या समाजात रडण्याला फार महत्त्वाचे स्थान आहे. रडण्याची एकूण एकतीस कारणे आढळली (तक्ता सोबत). शिक्षकांनी या विद्यार्थ्यांना रडण्यासाठी पुरेसा वेळ उपलब्ध करून द्यावा."

अहवाल गेला. एरवी खात्यात गेलेला कागद आणि समुद्रात टाकलेला खडा यांत फरक नसतो. पण हा तक्ता कुण्या साहेबांच्या मनाला भिडला आणि पंधरा दिवसांत सगळ्या शाळांना नवं परिपत्रक गेलं: अमुक शाळेच्या अभ्यासपूर्ण अहवालानुसार आदिवासी विद्यार्थ्यांसाठी रोज दहा मिनिटांची तासिका राखून ठेवावी. मोठ्या बाईंनी ते फळ्याशेजारी टाचलं. भूगोलाच्या बाईंनी येता-जाता ते सहा वेळा वाचलं आणि सहाही वेळा दुसरंच काही वाचत असल्यासारखा चेहरा केला.

तासिका सुरू झाली. पावणेअकराला घंटा झाली की चौदा मुलं बाहेर सोडली जात. पहिल्या दिवशी ती गोंधळून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लपाछपी सुरू केली. बाई खिडकीतून पाहत आणि हळहळत, "बिचारी, आमच्यासमोर संकोचतात." शेजारच्या शाळेत तर एक कर्तव्यदक्ष शिक्षक हातात घड्याळ घेऊन एका मुलीपुढे उभे राहत आणि म्हणत, "चार मिनिटं गेली, अजून एक थेंब नाही."

ती मुलगी पुस्तक लिहिणाऱ्या परिचारिकेची भाची निघाली.

परिचारिकेचं पत्र मोजक्या ओळींचं होतं. "आपल्या अहवालाबद्दल कळले. आजीला वाचता येत नाही, मी वाचून दाखवले. ती शुक्रवारी आपल्याला भेटायला येणार आहे. पुस्तक समोर ठेवावे आणि हे त्यात कुठल्या पानावर आहे ते तिला दाखवावे, एवढीच तिची इच्छा."

बाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. पान दाखवायला पुस्तक हवं ना.

तुकडे गोळा करायला पूर्ण दिवस गेला. गणिताच्या सरांनी आपल्या तुकड्यावर पेन्सिलने 'उत्तर बरोबर, रीत चूक' असं लिहिलं होतं. विज्ञानाच्या बाईंनी आपली पानं खराब होऊ नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतली होती; ती आता वाऱ्यावर फडफडण्याऐवजी खडखडत. भाषेच्या सरांचा तुकडा त्यांच्या मेव्हणीकडे होता आणि पुढचा भाग मिळाल्याशिवाय ती सोडायला तयार नव्हती. तिसरा तुकडा टेबलाखालून काढला तेव्हा टेबल एकीकडे कललं, आणि बाईंना पहिल्यांदा कळलं की खिलाडू वृत्ती कुठून आली.

"वाचलं नाहीत?" त्या एवढंच म्हणाल्या.

"वाचणार होतो हो बाई," खेळाचे सर म्हणाले, "पण मग टेबल हललं असतं."

संध्याकाळी घरी सल्ल्यांचा पाऊस पडला. यजमानांनी चहाचा कप खाली न ठेवता तोडगा सांगितला. "आजींना वाचता येत नाही ना? मग कुठलंही पुस्तक दाखव. जाडी सारखी असली म्हणजे झालं. आपला तो शिवणकामाचा ग्रंथ आहे, बरोबर तेवढाच आहे."

"अहो, नात असेल ना बरोबर."

"मग जरा लांबून दाखव."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क साखर मागायला आले होते, ते बैठक मारूनच बसले. "वहिनी, ऐका. पुस्तक हरवलं म्हणून आजच्या तारखेने अर्ज टाका. हरवलेल्या पुस्तकाची चौकशी होते, फाडलेल्या पुस्तकाची शिक्षा होते. चौकशी म्हणजे किमान सहा वर्षं. मी स्वतः एका कपाटाची चौकशी अकरा वर्षं चालवली आहे. कपाट समोरच होतं."

बाईंना रात्रभर झोप लागली नाही असं म्हणणं खोटं होईल; लागली, पण स्वप्नात त्या एका जाड शिवणकामाच्या ग्रंथात 'रडणे' कुठल्या पानावर आहे ते शोधत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधणीवाला गाठला. त्याच्या दुकानात आयुष्यभर फक्त शाळांची रजिस्टरं बांधली जात. "उद्या देतो बाई, अशी बांधतो की बैलांनी ओढली तरी सुटणार नाही," तो म्हणाला, आणि शब्दाला जागला. पुस्तक लोखंडासारखं झालं. फक्त कडा सारख्या करताना त्याने पानांचे आकडे कापून टाकले होते आणि त्यामुळे तुकडे त्याला सुचतील त्या क्रमाने लावले होते. आणि पुठ्ठा त्याच्याकडे एकाच जातीचा असल्यामुळे वर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: 'उपस्थिती पत्रक'.

शुक्रवारी आजी आल्या.

ठेंगण्या, ताठ, हातात काठी पण टेकायला नव्हे, माणसं बाजूला सारायला. नात मागे. शिक्षकांच्या खोलीत नऊही जणं ओळीने उभी होती. मोठ्या बाईंनी स्वागतपर दोन शब्द सुरू केले, ते आजींनी काठीने हळूच थांबवले. "रडणाऱ्या बाई कुठल्या?" त्यांनी विचारलं.

भूगोलाच्या बाई पुढे झाल्या. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं, वरचं नाव हाताने झाकून. शिवणकामाचा ग्रंथ पर्समध्ये होता, हेही सांगून टाकलं पाहिजे. माणूस चांगला असला तरी त्याच्या पर्समध्ये काय असतं ते फक्त त्याला आणि देवाला ठाऊक. क्षणभर त्यांचा हात तिकडे गेलाही. पण आजी टक लावून त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या, वर्गात बाई स्वतः मुलांकडे पाहत असत तशा, आणि अशा नजरेपुढे खोटं बोलणाऱ्या मुलांचं पुढे काय होतं हे बाईंना सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"आजी," त्या म्हणाल्या, "मी तुमचं पुस्तक फाडलं. नऊ तुकडे केले. परत बांधलं, तर उलटसुलट झालं. आणि मी त्यातला एकच तुकडा वाचला आणि तुमच्याबद्दल सगळ्या शाळांना लिहून पाठवलं."



आजींनी पुस्तक हातात घेतलं, तोललं, वाकवून पाहिलं. वाकेना. "हे काय लिहिलंय वर?"

"हजेरी," नात म्हणाली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"बरं," आजी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "मग घेऊ या हजेरी. पहिला तुकडा कुणाचा?"

संगीताच्या बाईंनी वर्गातल्यासारखा हात वर केला.

"सांग."

"वाचून दाखवू?"

"वाचता माझ्या नातीलाही येतं. सांग."

संगीताच्या बाईंनी चाचरत सांगायला सुरुवात केली आणि सगळे जण आदराने गप्प बसले, हाताची घडी, तोंडावर बोट नाही एवढंच. चारच वाक्यांनंतर आजींनी काठी आपटली. "झोपलात काय सगळे? हूं म्हणा की. हुंकार नसेल तर सांगणाऱ्याने कुणाच्या आधाराने चालायचं?"

आता शिक्षकांच्या जातीला गप्प बसवणं ठाऊक, हूं म्हणणं ठाऊक नाही. नऊ जणांनी एकदम, प्रार्थनेसारखं "हूं" म्हटलं. मग प्रत्येक वाक्याला म्हटलं. गणिताचे सर वाक्य संपायच्या आधीच म्हणत. पण दुसऱ्या तुकड्यापर्यंत, विज्ञानाच्या बाई बहिणीला झाडावर चढवेपर्यंत, सूर लागला. दुसरा तुकडा संपला आणि सगळ्यांच्या माना खेळाच्या सरांकडे वळल्या.

खेळाचे सर उभे राहिले. "आजी, माझा मी टेबलाखाली घातला होता," ते म्हणाले. "मला माहीत नाही."

"खरं बोललास," आजी म्हणाल्या. "बस खाली. तेवढा मी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. बहिणीला बियाणं मिळालं होतं. मूठभर. घेऊन ती परत निघाली, तर वाटेत नदी. पण नदी कोरडी, पाय पसरून झोपलेली. बहीण म्हणाली, नदीबाई उठा, बियाणं भिजवायचं आहे. नदी म्हणाली, माझा घसा सुकलाय, आधी तू मला ओंजळभर पाणी पाज, मग मी उठते. आता त्या उजाड रानात पाणी कुठलं? बहिणीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पाणी एकाच ठिकाणी होतं. तिच्या डोळ्यांत.

"म्हणून ती नदीकाठी बसून रडू लागली," आजी म्हणाल्या आणि भूगोलाच्या बाईंकडे वळल्या. "ती दुःखी नव्हती गं बाई. कामावर होती."

बाईंची कानशिलं तापली. तो एकतीस ओळींचा तक्ता, शेऱ्याच्या रकान्यासकट, डोळ्यांपुढे उभा राहिला.

"आता तुझा तुकडा," आजी म्हणाल्या. "सांग, कशाकशाला रडली."

बाईंनी सुरुवात केली. मडकं फुटलं. बकरीने पाय दिला. आणि भावजय वेणीला उंदराची शेपटी म्हणाली इथे नातीला राहवलं नाही, ती खो खो हसायला लागली. आजीही हसायला लागल्या, दात नव्हते तरी.

"हसायचं असतं इथे?" बाईंनी दबकत विचारलं.

"सगळ्या गोष्टीत हसायचं हेच तर ठिकाण," नात डोळे पुसत म्हणाली. "मोठी दुःखं तिने आधीच संपवलेली असतात, दोन थेंबांत. नदी काही उठत नाही. मग ती बिचारी आठवून आठवून फुटकळ दुःखं काढते. ज्या घरात गोष्ट चालते तिथली माणसं आपापली घालतात. आजीने मला सांगितली तेव्हा एकतीस झाली, दरवेळी वेगळी होतात."

"तुझं घाल," आजी बाईंना म्हणाल्या. "नदी अजून झोपलेलीच आहे."

भूगोलाच्या बाईंनी सहकाऱ्यांसमोर सत्तावीस वर्षांत एकदाही रडगाणं गायलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. "मी तास घेऊन आले," त्या म्हणाल्या, "की माझ्यानंतरचे शिक्षक नकाशा उलटा गुंडाळून ठेवतात. रोज. मी रोज तो सरळ करते. कुणाला सांगितलं नाही. घरी जाऊन एकदा रडले आहे."

गणिताचे सर, ज्यांचा तास भूगोलानंतर असे, एवढ्या मोठ्याने "हूं" म्हणाले की सगळी खोली हसत सुटली. बाईसुद्धा. मग कुणी थांबेना. भाषेच्या सरांनी मेव्हणीचं दुःख घातलं, मोठ्या बाईंनी खात्याचं. बेचाळिसाव्या दुःखाला आजींनी नदी उठल्याचं जाहीर केलं.

उरलेल्या पाचही तुकड्यांची हजेरी झाली, आणि निघताना आजींनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "हे राहू दे तुमच्याकडे. पण तो कागद परत घ्या. आमच्या लेकरांपुढे घड्याळ घेऊन उभे राहतात. ते बरं नाही."

सोमवारी अर्धी रजा टाकून बाई खात्याच्या कचेरीत गेल्या. खिडकीमागच्या बाबूंनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. "अहवाल मागे घेण्याचा नमुना नाही."

"मग तयार करा."

"नमुना तयार करायला नमुन्याची मागणी यावी लागते, आणि मागणीचा नमुना वेगळा." त्यांनी अर्ज सरकवला. "बाई, उत्तम अहवाल आहे. वर कौतुक झालंय. तुमच्या सेवापुस्तकात नोंद झाली आहे. कशाला खोडता?"

"कारण तो चूक आहे."

मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली. बाबूंनी असं वाक्य या खिडकीत कधी ऐकलं नव्हतं. लोक इथे दुसऱ्याची चूक घेऊन येत. त्यांनी चष्मा काढला. "पुरवणी अहवाल देता येतो," ते नाइलाजाने म्हणाले. "पण निष्कर्षाचा रकाना रिकामा चालत नाही. काय लिहू?"

"लिहा, आम्हाला अजून माहीत नाही. विचारणं चालू आहे. रडण्याची तासिका बंद करावी."

बाबूंनी लिहिलं. शिक्का उचलला, शाईत बुडवला आणि हात हवेतच थांबला. तक्ता त्यांनीही वाचला होता हे उघड होतं.

"मग ती बाई एवढी रडत का होती हो?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

भूगोलाच्या बाईंनी खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकलं. "सांगते," त्या म्हणाल्या, "पण मध्ये मध्ये हूं म्हणावं लागेल. आणि नदीपाशी पोचलो की तुमचं एखादं बारीकसं दुःख लागेल. आहे का?"

बाबूंनी रांगेकडे पाहिलं, मग साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि शिक्का मारून कागद बाईंच्या हातात दिला.

"आहे," ते म्हणाले. "तुम्ही सुरू तर करा."